कादंबरीचं पारायण

त्या पुस्तकाचं नाव मी इथे घेणार नाही. साठ-सत्तरच्या सालांत त्याचं नाव इतक्यांनी इतक्या वेळा घेतलं की आता माझ्याच्यानं होत नाही. जाडजूड कादंबरी होती. गोष्ट थोडक्यात अशी. कुठल्याशा सुखवस्तू घरातली एक गोरीपान बाई, तिचा नवरा दुसरीच्या नादी लागून निघून जातो, ही उंबऱ्यात दिवा लावून बारा वर्षं त्याची वाट बघते, शेवटी तो थकून परत येतो, ही त्याचे पाय धुते आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरते. बस्स. एवढ्यासाठी लेखकानं कागदाचे गठ्ठे संपवले आणि अख्ख्या मराठी मुलखानं डोळे पुसपुसून सुजवून घेतले.

आम्ही सुरतेला, उधन्याच्या चाळीत राहत होतो. चाळीतले बहुतेक जण खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेले. घरात अहिराणी, कामावर हिंदी, दुकानात गुजराती, आणि पुस्तकी मराठीशी संबंध फक्त लग्नपत्रिकेपुरता. तरी ते पुस्तक आमच्यापर्यंत पोचलंच. जळगावहून गाडीनं येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याबद्दल बोलायचा. रेशनच्या रांगेत एक बाई दुसरीला विचारायची, "तिचा नवरा आला का हो?" आणि ती दुसरी एखाद्या नात्यातल्या बाईची हकिकत सांगावी तसं हळू आवाजात सांगायची, "अजून नाही. पण सासूनं फार छळ मांडलाय." मी तेव्हा शाळेत जाणारी मुलगी. मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई पलीकडच्या चाळीतच कुठेतरी राहते.

पुस्तक विकत घेणं कुणाला परवडणारं नव्हतं आणि परवडलं असतं तरी वाचणार कोण? वाचता येणारे हाताच्या बोटांवर. त्यांतले एक आमचे मास्तर. ते मास्तर नव्हतेच, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. पण सातवी फायनल पास, नाकावर चष्मा, आणि बोलताना दर वाक्याआधी घसा साफ करायची सवय, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी गावाहून ती कादंबरी आणली आणि सुटीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, चाळीच्या मधल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक पान वाचायचं आणि मग अहिराणीत त्याचा अर्थ सांगायचा, कारण त्या बाईची भाषा आमच्या कुणाला धड कळत नव्हती. ती "नाथ" म्हणायची. आमच्याकडे नवऱ्याला कुणी नाथ म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही आज काहीतरी मागणार.

पुस्तक मळू नये म्हणून मास्तरांनी त्याला लाल फडक्यात बांधलं. इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे लाल फडक्यात बांधतात ती पोथी. पहिल्या दिवशी एक म्हातारी ओट्यावर चढताना चपला काढून चढली. तिचं बघून बाकीच्यांनी काढल्या. दुसऱ्या खेपेला कुणीतरी उदबत्ती लावली. तिसऱ्या खेपेला पुस्तकापुढे नारळ आला. मास्तरांनी घसा साफ करून, "अहो, ही पोथी नाही," असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. पण नारळ, खडीसाखर, पहिला चहा आपल्याला, हे सगळं कुणाला नको असतं? त्यांनी नारळ घेतला आणि कादंबरीची पोथी झाली.

पोथीचे सगळे नियम मग ओघानंच आले. वाचन अर्धवट सोडायचं नाही, दोष लागतो. मधेच उठून जायचं नाही. सुटीच्या दिवसाची वाट बघणं लोकांना जड जाऊ लागलं, म्हणून रोज दिवेलागणीला बसायचं. पुढच्या वर्षापासून तर श्रावणात रीतसर पारायण, आणि शेवटच्या अध्यायाला समाप्तीचं जेवण, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. आमच्या चाळीची मालकीण गुजराती शेठाणी. तिला मराठीतलं ओ की ठो कळायचं नाही, पण तीही पाटावर येऊन बसायची आणि बायका रडायला लागल्या की पदर डोळ्यांना लावून शेजारणीला विचारायची, "पछी शुं थयुं?" मग पुढे काय झालं?

पुरुषही रडायचे. मी स्वतः बघितलंय. दुपारी बायकोच्या पाठीत लाथ घालून आलेला एक जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, संध्याकाळी त्या बाईच्या छळाचं वाचन ऐकताना हुंदके देत होता. त्याची बायको दोन हातांच्या अंतरावर बसून तेच ऐकत होती. तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

त्या वर्षांत चाळीत जन्मलेल्या मुलींची नावं बघा. एकीला हाक मारली की तिघी धावत यायच्या. कुठलीही नवी सून आली की तिला त्या बाईच्या मापानं मोजायची. ती बाई शिळं खाऊन हसते, तू का तोंड वाकडं करतेस? ती सासूच्या शिव्या फुलासारख्या झेलते, तू का उत्तर देतेस? कागदावरची बाई, तिला ना पोट ना पाठ, आणि तिच्या बरोबरीनं बारा तास राबणाऱ्या बायकांना उभं करायचं. मला तेव्हापासून त्या बाईचा राग येत होता. मास्तरांचा त्याहून जास्त. आणि सगळ्यांत जास्त राग, माझ्या काकीकडे बघून सुस्कारे टाकणाऱ्या लोकांचा.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लूमवर होते, चांगले कारागीर होते, आणि एका पावसाळ्यात भिवंडीला कामाला जातो म्हणून गेले ते तिथल्याच एका बाईबरोबर राहायला लागले. निरोप नाही, पत्र नाही. काकीला मूलबाळ नव्हतं. ती आमच्यातच राहायची आणि कांड्या भरायच्या कामाला जायची. लूमच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरून द्यायची, दिवसभर उभं राहून. संध्याकाळी तिच्या केसांत, भुवयांत सुताची पांढरी लव अडकलेली असायची. ती आली की आजी, म्हणजे तिची सासू, काही न बोलता फडकं ओलं करून तिच्या हातात द्यायची.

पारायणात काकीला पुढे बसवायचे, पुस्तकाच्या अगदी समोर. मान म्हणून. "हे तुमचंच आहे सगळं," असं मास्तर तिला एकदा म्हणाले. वाट बघण्याचा भाग आला की सगळी चाळ पुस्तकाकडे न बघता काकीच्या तोंडाकडे बघायची. काकी रडायची नाही. तांदूळ निवडायला घेऊन बसायची आणि खडे बाजूला काढत ऐकायची. बायका म्हणायच्या, दुःखानं तिचे डोळेच कोरडे झाले. मूर्ख कुठल्या. ती ऐकत होती, एवढंच.

आजीही ऐकायची, मागे भिंतीला टेकून. पहिल्याच वर्षी तिनं मास्तरांना एक प्रश्न विचारला होता. "बारा वरीस ती खास काय?" म्हणजे ही बाई बारा वर्षं खाते काय, कमावते कोण? मास्तर घसा साफ करून म्हणाले, "आजी, ती पातिव्रत्याच्या बळावर जगते." आजीनं मान हलवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. पुढे मी थोडी मोठी झाल्यावर ते पुस्तक स्वतः वाचलं आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. कुठेही नव्हतं. त्या बाईला डाळीचा, घरभाड्याचा, रॉकेलचा प्रश्न एका पानावरही पडत नाही. दर दोन पानांनी मूर्च्छा येते ती मात्र वेळेवर.

आता मुख्य गोष्ट. पलीकडच्या लायनीत एक फिटर राहायचा. लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. अबोल माणूस. पारायणाला यायचा, पण मागे उभा राहायचा आणि समाप्तीच्या जेवणाच्या आधी निघून जायचा. काकी ज्या कारखान्यात कांड्या भरायची तिथेच तो कामाला होता. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण एक दिवस तो स्वच्छ सदरा घालून आमच्याकडे आला, आजीच्या आणि वडिलांच्या समोर बसला आणि म्हणाला की त्याला काकीशी पाट लावायचा आहे.

पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. आमच्या जातीत ती रीत जुनी होती. नवरा मेला किंवा टाकून गेला म्हणून बाईनं जन्मभर बसून राहावं, हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नव्हतं. टाकून गेला असेल तर चार पंच बसवायचे, त्यांच्यापुढे गवताची नाहीतर केरसुणीची काडी मोडायची. काडी मोडली की जुनं नातं तुटलं. याला काडीमोड म्हणायचं. मग पाट लागायचा. नवं लुगडं, बांगड्या, पंचांना चहा, झालं लग्न. त्यात लाज कुणालाच वाटत नव्हती. खुद्द माझी आजी आजोबांच्या घरात पाटानं आलेली होती. पहिला नवरा तिला सोडून गेला होता. ही गोष्ट ती पूर्वी मोकळेपणानं सांगायची, हसत हसत सांगायची.

पण हे सगळं पुस्तक येण्याआधीचं. पुस्तकातल्या घरात पाट नव्हता, काडी नव्हती. तिथे फक्त वाट बघणं होतं. आणि ते इतकं सुंदर, दिव्याच्या उजेडात, आसवांची मोत्याशी गाठ घालून लिहिलेलं होतं, की आमच्या लोकांना स्वतःची रीत एकदम मळकट वाटायला लागली. आईनं आजीला आधीच बजावून ठेवलं होतं, पाटाचं आता कुणापुढे बोलू नका, बरं दिसत नाही. आजी गप्प झाली ती झालीच. जी सोय आमच्या आज्या-पणज्यांनी आपल्यासाठी ठेवली होती, ती एका कादंबरीनं तीन श्रावणांत बुडवली. आणि ते लिहिणाऱ्याच्या गावीही नसेल.

वडिलांनी फिटरला उत्तर दिलं नाही. ते मास्तरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी चाळीतले चार वजनदार लोक पंच म्हणून आमच्या ओट्यावर जमले आणि चहा पिऊन त्यांनी निर्णय दिला की पाट नको. मास्तर म्हणाले, "ती बारा वर्षं थांबली. हिला किती झाली?" मला हसू आलं आणि त्याच वेळी तोंड कडू झालं. एका न जन्मलेल्या बाईचा दाखला देऊन जिवंत बाईचा निकाल लावत होते. फिटर कोपऱ्यात उभा होता. तो निघून गेला. काकी आत भाकरी थापत होती, तिनं सगळं ऐकलं. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या करपल्या.

पण एवढ्यानं या लोकांचं समाधान होईना. फिटर कामावर काकीला भेटतोच, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मास्तरांच्या डोक्यातून कल्पना निघाली. काका भिवंडी सोडून गावी परत आलेत अशी बातमी होती. छातीचं दुखणं जडलेलं, काम सुटलेलं, त्या बाईनंही हाकललेलं. मास्तर आणि वडील दोघं गाडीनं गावी गेले आणि काकांना घेऊन आले. आणि चाळीसमोर कधी आणलं? बरोबर समाप्तीच्या दिवशी. हा योगायोग नव्हता. दोन दिवस त्यांना मास्तरांच्या घरात लपवून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या चाळींतून लोक आलेले. काकी नेहमीसारखी पुढे, तांदळाचं ताट मांडीवर. फिटरही मागे होता. मास्तरांनी शेवटचा अध्याय काढला. नवरा येतो, दार वाजतं, ती दिवा घेऊन उठते. त्या वाक्याला मास्तर थांबले, पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता पुढचं पुस्तकातून नको." त्यांनी हात केला आणि त्यांच्या दारातून काका बाहेर आले. गळ्यात झेंडूचा हार, अंगात मास्तरांचाच सदरा, वाळून काठी झालेले. चाळीनं एकच हंबरडा फोडला. शेठाणीनं या वेळी काही विचारलं नाही, तिलाही कळलं. कुणीतरी पितळी परात आणि पाण्याचा तांब्या काकीसमोर आणून ठेवला. पाय धुवायला.

मी आजीच्या शेजारी होते. शेकडो डोळे एका बाईवर. काकी त्या परातीकडे बघत राहिली. मग तिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि मास्तरांना विचारलं, अगदी साध्या आवाजात, "पाय धोयावर तिनं काय व्हस?" पाय धुतल्यावर तिचं काय होतं?

मास्तर गोंधळले. त्यांना वाटलं, बाई भावनेच्या भरात विसरली. "तुम्हांला माहीत आहे ना. मांडीवर डोकं ठेवते आणि..."

"आनी?"

"मरते," मास्तर म्हणाले.

"माले मरनं नही," काकी म्हणाली.

रडणं एकदम थांबलं. लोकांना काय करावं कळेना. पुस्तकात हे नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या वेळा ऐकून, ती बाई शेवटी मरते हे या लोकांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते रडण्यात गुंतले होते. तांदूळ निवडत बसलेल्या काकीनं मात्र ते पहिल्याच वर्षी ऐकलं होतं. वडील पुढे झाले, "पंच बसले आहेत, चाळ बसली आहे, आमची अब्रू..." असं काहीतरी बोलायला लागले. काकी उठून उभी राहिली, पण पुढे काय करायचं तिलाही सुचत नव्हतं. हात नुसते लोंबत होते. मी तिला इतकी एकटी कधी पाहिली नव्हती.

माझ्या शेजारची आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केरसुणीची एक काडी होती. गर्दीतून ती सावकाश चालत गेली, समोर हार घालून उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाच्या बाजूनं पुढे गेली, आणि काडी सुनेच्या हातात दिली.

"धर," आजी म्हणाली. "मोड."

पंच बसलेच होते. काकीनं काडी मोडली. एवढ्या गर्दीत मोडल्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नसेल, मला गेला. आजीनं मग लोकांकडे वळून, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, तिचं स्वतःचं सांगून टाकलं. मी पाटानं आले, या घरात चार मुलं वाढवली, पाय कुणाचे धुतले नाहीत आणि मेलेही नाही. आता जेवा, बट्ट्या गार होतात.

त्या दिवशी लोक जेवले की नाही मला आठवत नाही. पुढच्या आठवड्यात पाट लागला, चार-पाच माणसांत, आमच्याच खोलीत. चाळीतली बहुतेक माणसं आली नाहीत. मास्तर तर महिनाभर आमच्या दारावरून मान वळवून जायचे. काकी आणि फिटर सुरतेतच दिंडोलीकडे खोली घेऊन राहायला गेले. काका आमच्याकडेच राहिले, खोकत. एकदा आई चिडून म्हणाली, याला कशाला पोसायचं? आजी काकांच्या ताटात वरण वाढत म्हणाली, "मना पोऱ्या शे, जेवी. तिना नवरा नही आते." माझा मुलगा आहे, जेवेल. तिचा नवरा नाही आता.

पारायण त्यानंतर आमच्या चाळीत झालं नाही. पुस्तक वाईट होतं असं कुणी म्हणालं नाही, छे, एवढी अक्कल कुठली. आमच्या चाळीत दोष लागला, एवढंच म्हणाले, आणि लाल फडकं पलीकडच्या चाळीत गेलं.

पुढे काही वर्षांनी त्या कादंबरीचं नाटक झालं आणि त्याचा प्रयोग सुरतेला आला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सगळ्यांची टर उडवण्यात माझा पहिला नंबर होता. मी मुद्दाम काकीला घेऊन गेले. म्हटलं, बघू या सोंग, हसू या दोघी. हॉल खच्चून भरलेला. पांढऱ्या साडीतली नटी, पितळी परात, तांब्या. ती नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेली आणि अख्खा हॉल रडायला लागला. मी टोमणा मारायला काकीकडे वळले. काकी पदरानं डोळे पुसत होती. जिच्यापायी तिचं अख्खं आयुष्य कुजायला निघालं होतं त्या बाईसाठी, आणि इतक्या पारायणांत जिचा एक थेंब गळला नव्हता ती.

"काकी, तू पण?" मी म्हणाले. मला खरंच संताप आला होता.

काकी पडद्याकडे बघत राहिली.

"तिले कोनी काडी दिधी नही ना वं," ती म्हणाली.